उजव्या खांद्यातला गळ

८ नोव्हेंबर, रविवार. दुपारी ४.

आज सासरी जेवण. सासरे माझ्याशी बोलले.

तसे ते बोलतात. 'या', 'बसा' आणि 'निघालात?' एवढं लग्न झाल्यापासून, म्हणजे गेली अठरा वर्षं, न चुकता बोलतात. माणूस वाईट नाही. जन्मभर नकाशे काढायच्या खात्यात नोकरी केली, तिथे बोलायची वेळ आली नसावी. गेल्या महिन्यात रिटायर झाले. आता दिवसभर घरात असतात आणि सासूबाईंच्या म्हणण्याप्रमाणे कपाटांचे ड्रॉवर उघडून आत काय आहे ते बघतात, मग बंद करतात, मग पुन्हा उघडतात.

सासूबाई म्हणाल्या, यांना कुणीतरी एखादा छंद लावा. बायकोने बागकाम सुचवलं. मी म्हणालो, मासे पकडावेत, डोकं शांत राहतं. कॉलेजात असताना मी तळ्यावरच पडीक असायचो, एवढाले मासे काढायचो. 'एवढाले' म्हणताना हात जरा जास्त लांब गेले. पाण्याचा जग थोडक्यात वाचला.

सासऱ्यांनी ताटातून मान वर केली. थेट माझ्याकडे बघितलं. म्हणाले, मग मला शिकवाल का? पुढच्या रविवारी?

या माणसाने अठरा वर्षांत माझ्याकडे साधं मीठ मागितलेलं नाही. समोर असलं तरी सासूबाईंना सांगतात, त्यांच्याकडचं मीठ द्या. मला इतका आनंद झाला की घास अडकला. म्हणालो, त्यात काय, हातचा मळ आहे.

घरी येताना बायकोने विचारलं, कॉलेजात कुठल्या तळ्यावर जायचास तू? म्हटलं, प्रत्येक गोष्ट तुला सांगितलीच आहे असं नाही. ती म्हणाली, बरं.

(खरं तर तळ्यावर एकदाच गेलो होतो. शेजारी एक माणूस गळ टाकून बसला होता, त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. निरीक्षण हे निम्मं शिक्षण. उरलेलं निम्मं आठवड्याभरात उरकता येईल.)

९ नोव्हेंबर, सोमवार.

ऑफिस सुटल्यावर मासेमारीच्या सामानाच्या दुकानात. दुकानदाराने विचारलं, कुठले मासे पकडायचेत? मी म्हणालो, मोठे. त्याने नवशिक्यांचा सेट काढला. मी तो बाजूला सारला आणि वरच्या फळीवरचा मागितला. रॉड, रीळ, दोरी, शिसाची वजनं, आणि पाकीटभर गळ.

दुकानदार चिकट. म्हणतो, गळाच्या टोकाजवळ हा उलटा काटा असतो बघा. मासा असो की माणूस, एकदा आत गेला की मागे येत नाही. सवय होईपर्यंत हा काटा पक्कडीने चेपून टाका. मी म्हणालो, सवय आहे. त्याने माझे बूट, माझी ऑफिसची बॅग आणि माझा चेहरा या क्रमाने बघितला आणि पिशवी दिली.

निश्चय : रोज पहाटे गच्चीवर प्रॅक्टिस. शनिवारपर्यंत दोरी जिथे म्हणेन तिथे पडली पाहिजे. व्हिडिओ बघितले. दीड पट वेगाने लावले, म्हणजे दीड पट शिकून होतं.

१० नोव्हेंबर, मंगळवार.

गळ न लावता नुसतं वजन बांधून प्रॅक्टिस. पहिला थ्रो पाण्याच्या टाकीवर. दुसरा पण. तिसरा कपडे वाळत घालायच्या दोरीला तीन वेढे घालून थांबला.

दोष माझा नाही. गळ नसला की दोरीचा तोल बिघडतो, असं माझं मत झालं आहे. उद्या गळ लावून करणार.

ऑफिसात सुरक्षा सप्ताह सुरू. पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात मी सुरक्षा अधिकारी आहे. शुक्रवारी माझं भाषण, विषय 'धारदार वस्तू आणि आपण'. भाषण तोंडपाठ. सगळ्यांना वाटण्यासाठी बिल्ले आलेत, त्यावर 'आधी सुरक्षा' असं लिहिलं आहे. रंग लाल, छान दिसतात.

११ नोव्हेंबर, बुधवार. सकाळी ६.३५.

छोटी अडचण.

सकाळी ६.५०.

अडचण मध्यम.

सकाळी ७.१०.

शांतपणे लिहून काढतो, म्हणजे उपाय सुचेल.

गच्चीवर थंडी होती. झोपायच्या रेघारेघांच्या शर्टावर तो मोहरी रंगाचा स्वेटर चढवला. हा सासूबाईंनी लग्नाच्या पहिल्या वर्षी विणला होता. लोकर इतकी टोचते की मी तो कधीच घातला नाही. ट्रंकेत होता. म्हटलं, मळला तरी हरकत नाही.

रॉड मागे नेला. आता पुढे झटका द्यायचा. दिला. रॉड पुढे गेला, दोरी पुढे गेली, गळ आला नाही. गळ माझ्या उजव्या खांद्याच्या मागच्या बाजूला थांबला. स्वेटर, शर्ट आणि मी, तिघांना मिळून एकच टाका.

वारा मागून होता. हे मुद्दाम नोंदवून ठेवतो.

ओढून बघितलं. डोळ्यांसमोर काजवे चमकले. मग दुकानदाराचं ते उलट्या काट्याचं व्याख्यान आठवलं. आठवायला जरा उशीर झाला.

स्वेटर काढून बघितला. डोकं निघालं, दोन्ही हात निघाले, पण अख्खा स्वेटर खुंटीला टांगल्यासारखा त्या गळावर लटकला आणि त्याच्या वजनाने माझी बोबडी वळली. परत घातला. कात्रीने कापून मोकळं होता येईल, पण सासूबाई दर थंडीत विचारतात, स्वेटर आहे ना? कापला तर त्यांना कळणार. त्यांना कळलं की सासऱ्यांना कळणार. आणि मग रविवारी कसलं शिकवतो मी.

डाव्या हाताची बोटं गळापर्यंत टेकतात, पण धरता येत नाही. नखकातरीने नुसती दोरी कापली.

निर्णय : रविवारपर्यंत कुणालाही कळता कामा नये. मधल्या काळात तो आपोआप सैल होईल. शरीर परक्या वस्तू बाहेर टाकतं, हे विज्ञान आहे.

रात्री ८.

दिवस उत्तम सांभाळला.

नाश्त्याला बायकोने विचारलं, आज हा स्वेटर? टोचतो म्हणायचास ना? म्हटलं, लोकर मुरली आता. तिने विचारलं, काही झालंय का? म्हटलं, काही नाही. ती म्हणाली, बरं.

ऑफिसात नवी भानगड. मागून गळाची कडी चमकते. उपाय लगेच सुचला : सुरक्षा सप्ताहाचा लाल बिल्ला बरोबर त्यावर लावला. लावताना मधल्या गेटवरच्या वॉचमनची मदत घ्यावी लागली. त्याला सांगितलं, हळू, तिथे हाड आहे.

दुपारी मोठ्या साहेबांनी थांबवलं. बिल्ला पाठीवर का? क्षणभर घाम फुटला, म्हणजे आधीच फुटलेला होता, बॉयलरशेजारी स्वेटर घालून उभा होतो. पण माझं डोकं अशा वेळी चालतं. म्हणालो, सर, समोरच्याला माझा चेहरा दिसतो, त्याला बिल्ल्याची गरज नाही. अपघात मागून येतात. साहेबांनी स्वतःच्या छातीवरचा बिल्ला चाचपला. म्हणाले, याचा कुणी विचारच केला नव्हता.

नाइट ड्रेसची कॉलर स्वेटरमधून दिसते, ती कुणाच्या लक्षात आली नसावी. अकाउंटंट म्हणाला, रेघा शोभतात.

१२ नोव्हेंबर, गुरुवार.

पालथा झोपलो. बायकोला सांगितलं, मणक्यासाठी चांगलं असतं. स्वेटर घालून का? म्हटलं, मणका गरम ठेवायचा असतो.

कारखान्याच्या फर्स्ट एडच्या खोलीत गेलो. सिस्टरना काल्पनिक प्रश्न विचारला : समजा, एखाद्या कामगाराच्या अंगात मासे पकडायचा गळ शिरला, तर? त्या म्हणाल्या, मागे ओढायचा नाही. उलटा काटा मांस फाडतो. डॉक्टरकडे जायचं. डॉक्टर गळ पुढे ढकलतात, टोक कातडीतून दुसरीकडे बाहेर काढतात, काटा कापून टाकतात, मग तोच गळ सरळ मागे निघतो. आणि धनुर्वाताचं इंजेक्शन. कुठे आहे तो कामगार?

म्हटलं, रजेवर आहे. त्या म्हणाल्या, रजेवर कशाला, आजच डॉक्टरकडे पाठवा, सुजलं की ठणकेल. म्हटलं, माणूस धीराचा आहे. त्या म्हणाल्या, धीराची माणसं माझ्याकडे सगळ्यात जास्त बोंबलत येतात.

एकूण बाई जरा उद्धट. पण माहिती चांगली. ती माझ्या सहीने नोटीस बोर्डावर लावली. मोठ्या साहेबांनी तिथेच शेजारी स्वतःचं सर्क्युलर लावलं आहे : उद्यापासून सर्वांनी बिल्ले पाठीवर लावावेत.

संध्याकाळी घरी ऑपरेशन. बाथरूम आतून बंद, मागे एक आरसा, पुढे एक आरसा, डाव्या हातात पक्कड. अडचण अशी की दोन आरशांत डावं-उजवं काय होतं ते समजेपर्यंत पक्कड भलतीकडे जाते. पहिल्या प्रयत्नात कान सापडला. दुसऱ्या प्रयत्नात पुन्हा तोच कान. बाहेरून बायकोने विचारलं, काय चाललंय? म्हटलं, दाढी. तिने विचारलं, काही सांगायचंय का तुला? म्हटलं, छे. ती म्हणाली, बरं.

ही बाई इतकी सरळ आहे की तिच्यापासून काही लपवताना मला वाईट वाटतं. पण तिला कळलं तर ती काळजी करत बसेल.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार.

भाषण झालं. कारखान्यातली सगळी माणसं पाठीवर लाल बिल्ले लावून बसली होती, म्हणजे मला एकही दिसत नव्हता. 'धारदार वस्तू शत्रू नाही, निष्काळजीपणा शत्रू आहे' या वाक्याला टाळ्या पडल्या. अभिवादन म्हणून उजवा हात वर करायला गेलो, तो अर्ध्यावरूनच परत आणला. लोकांना तो माझा विनय वाटला.

संध्याकाळी घरी पोचतो तर सासू-सासरे हजर. आधी कळवलं नव्हतं. बायको म्हणाली, सहज आलेत.

सासूबाईंनी मला स्वेटरमध्ये बघितलं आणि डोळ्यांना पदर लावला. म्हणाल्या, आता आणखी एक विणते. टेप आणलीच आहे, माप घेऊ द्या. मी कपाटाला पाठ टेकून उभा राहिलो. म्हटलं, पुढून घ्या. त्या म्हणाल्या, स्वेटर मागूनही असतो. मी भिंतीच्या कडेकडेने सरकत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो, त्या टेप घेऊन माझ्याबरोबर. शेवटी एका क्षणी त्यांनी मागे हात घालून टेप लावलीच. मानेपासून खांद्यापर्यंत, खांद्यापासून खाली. बिल्ला अजून होता, म्हणून निभावलं. सासऱ्यांना आकडे सांगितले, ते त्यांनी पेन्सिलीने टिपून घेतले. म्हाताऱ्या माणसांचा संसार असा असतो.

त्यानंतर सासऱ्यांनी खिशातून कागदाची गुंडाळी काढली आणि टेबलावर पसरली. तळ्याचा नकाशा. स्वतः काढलेला. कुठे खोल, कुठे उथळ, कुठे झाडाची सावली, बसायला दगड कुठे, सगळं. परवापासून रोज सकाळी तिथे जाऊन काठाकाठाने फिरत होते म्हणे. सासूबाई हळूच म्हणाल्या, रविवारपासून एकही ड्रॉवर उघडला नाहीये हो यांनी.

सासऱ्यांनी नकाशावर बोट ठेवलं आणि मला विचारलं, इथे टाकावा की इथे? मी बराच वेळ नकाशा बघितला. म्हणालो, दोन्हीकडे. त्यांनी दोन्हीकडे फुली मारली.

त्या फुल्या बघून मला कसंसंच झालं. एवढा विश्वास. काही झालं तरी रविवार पार पाडायचा.

१४ नोव्हेंबर, शनिवार.

ठणकतंय. खांदा गरम लागतो. अर्थात स्वेटरमुळे सगळाच मी गरम लागतो.

सकाळी डॉक्टरकडे जायला निघालो होतो. दवाखान्याच्या दारापर्यंत गेलो. आत अकाउंटंटची बायको बसलेली. काय झालं विचारलं असतं. सुरक्षा अधिकाऱ्याने, भाषणाच्या दुसऱ्या दिवशी, काय उत्तर द्यायचं? परत आलो. शिवाय डॉक्टर लोक नुसतं लक्षणांवर उपचार करतात. मूळ कारण वारा होतं.

रविवारचा प्लॅन पक्का : मी थिअरी शिकवणार. रॉडला हात लावणार नाही. खरा गुरू हात लावत नाही. मुद्दे : संयम, वाऱ्याची दिशा, पाण्याकडे बघायची पद्धत, मनाची अवस्था. दोन तास सहज निघतील. मासा मिळाला नाही तर म्हणायचं, आज पाणी जड होतं.

जेवताना बायको म्हणाली, शेवटचं विचारते, तुला काही सांगायचंय का? म्हटलं, तू हल्ली फार विचारतेस. ती उठून फोन करायला गॅलरीत गेली. बहुतेक मैत्रिणीशी बोलत होती. बोलताना हसत होती, म्हणजे तिचं मन रमलेलं आहे. बरं वाटलं.

१५ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ५.४५.

तयार. स्वेटर ब्रश केला. आत्मविश्वास भरपूर, डावीकडे वळल्यावरच जरा कमी होतो.

दुपारी ३.

काय दिवस. क्रमाने लिहितो.

सासऱ्यांनी गाडीतून नेलं. तळं शांत. त्यांनी सगळं सामान स्वतः उचललं, मला काही उचलू दिलं नाही. म्हटलं ना, विश्वास.

दगडावर बसलो. मी संयमावर बोललो. मग वाऱ्यावर. ते उभे राहून ऐकत होते, मधून मधून मान हलवत होते. मी मनाच्या अवस्थेवर आलो तेव्हा त्यांनी रॉड हातात घेतला आणि टाकला. दोरी लांब, सरळ, फुली मारलेल्या बरोबर त्याच जागी पडली. मला माझंच कौतुक वाटलं. नुसत्या थिअरीवर एवढं.

दुसऱ्यांदा टाकला. तिसऱ्यांदा टाकला तेव्हा दोरी हलली. मासा. छोटासा, बोटाएवढा, पण जिवंत, चमकणारा. सासऱ्यांनी तो अलगद सोडवला आणि पाण्यात परत सोडला. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी अठरा वर्षांत पाहिलेलं नाही.

मग ते माझ्या मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, छान शिकवलंत.

आणि माझ्या उजव्या खांद्यावर शाबासकी दिली. तळहाताची. सगळ्या ताकदीनिशी.

मी जे ओरडलो ते शब्दांत लिहिता येत नाही, तो शब्द नव्हताच. पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले. पण सासऱ्यांच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. म्हणाले, हलू नका, आलं टोक बाहेर. खिशातून पक्कड काढली. कट्ट असा आवाज झाला. मग काहीतरी सरकलं आणि त्यांनी गळ माझ्यासमोर धरला, काटा तुटलेला. स्वेटरला नुसतं भोक, तेही दिसेल न दिसेल असं. सगळं उरकेपर्यंत मी दुसऱ्यांदा ओरडायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं.

मी म्हणालो, अरे, हे कधी लागलं? ते म्हणाले, चला, दवाखाना.

रविवारी दवाखाना बंद असतो. पण योगायोगाने डॉक्टर होते. इंजेक्शनसुद्धा भरून तयार होतं. जखम धुतली, गोळ्या दिल्या, ओरडले. एरवी मी उलट बोललो असतो, पण आज कशाचंच काही वाटलं नाही.

गळ निघाला, यात नवल नाही. तो कधी तरी निघणारच होता. खरी गोष्ट अशी की माझ्या सासऱ्यांनी मला शाबासकी दिली. जोरात लागली, पण भावना अनावर झाल्या की माणसाचं असं होतं. पक्कड त्यांच्या खिशात कशी, असा एक विचार मनात येऊन गेला. पण जुन्या नोकरीतली शिस्त असते.

आज स्वेटर काढून आंघोळ केली. फार बरं वाटलं.

१६ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ९.

लिहावंसं वाटत नाहीये. तरी लिहितो.

नाश्त्याला बायकोला कालची शाबासकी पुन्हा सांगितली. कालपासून कितव्यांदा ते माहीत नाही. ती चहा ढवळत होती. म्हणाली, तुला सांगायला नको असं बाबा म्हणाले होते, पण आता ऐकवत नाही.

तिला बुधवारीच संशय आला होता. गुरुवारी मी पालथा घोरत होतो तेव्हा तिने टॉर्च लावून बघितलं. शुक्रवारी सकाळी वडिलांना फोन. वडील दुकानदाराकडे गेले, मग डॉक्टरकडे गेले. डॉक्टर म्हणाले, घेऊन या. बायको म्हणाली, तो येणार नाही, तो मान्यच करणार नाही. डॉक्टर म्हणाले, मग काहीही करा, पण रविवारच्या पुढे जाऊ देऊ नका, मी दवाखान्यात थांबतो. सासूबाईंची टेप स्वेटरसाठी नव्हतीच. गळ नेमका कुठे आहे आणि टोक कुठल्या बाजूला आहे, ते मोजायला आल्या होत्या. पेन्सिलीने टिपले ते तेच आकडे. सासऱ्यांनी त्यावरून माझ्या खांद्याचा नकाशा काढला. शनिवारी संध्याकाळभर सोफ्याच्या उशीत गळ खुपसून, किती जोर लावला की टोक पलीकडे येतं, ते बघत होते. गॅलरीतला तो फोन त्यांनाच होता. उशी फाटल्याचं ते सांगत होते, म्हणून ही हसत होती.

मी विचारलं, आणि छान शिकवलंत म्हणाले ते?

ती म्हणाली, तुझ्या मागे यायला काहीतरी निमित्त हवं होतं ना.

मग जरा वेळाने म्हणाली, तीनदा विचारलं मी तुला. एकदा म्हणाला असतास, जरा बघ गं, तर बुधवारीच मोकळा झाला असतास.

मी उठून स्वेटरची घडी घातली आणि ट्रंकेत ठेवला.

नवा स्वेटर पण येणार नाही. तो मला नकोच होता. तरी.

रात्री ९.

ऑफिसात सगळे पाठीवर बिल्ले लावून फिरतायत. मी बघितलं नाही त्यांच्याकडे.

संध्याकाळी बायकोने सासरी पाठवलं. बाबांचा नकाशा गाडीत राहिलाय, देऊन ये म्हणाली. जायचं नव्हतं. गेलो. दारातूनच देऊन निघायचं ठरवलं होतं.

सासऱ्यांनी दार उघडलं. म्हणाले, या. मग म्हणाले, बसा.

बसलो. ते समोर बसले. मला सुचेना, म्हणून म्हणालो, तुम्हाला छान जमतं आता, शिकवायची काही गरज नाही. ते म्हणाले, हो, जमतं. आतून सासूबाईंच्या भांड्यांचा आवाज. मी उठायच्या बेतात होतो.

ते म्हणाले, रविवारी साडेसहाला येतो न्यायला.

मी म्हणालो, मी येऊन काय करू?

ते म्हणाले, कशाला हात लावायचा नाही. दगडावर बसायचं आणि ते तुमचं सुरू ठेवायचं, काल होतं ते. संयम, वारा. मला बरं वाटतं ऐकायला.

इतकी वाक्यं त्यांनी माझ्याशी एका वेळी कधी बोललेली नाहीत. मी बरं म्हणालो. निघालो तर दारात म्हणाले, निघालात? आणि माझ्या डाव्या खांद्यावर हात ठेवला. दोनदा थोपटलं, अगदी हळू.

घरी येऊन आरशासमोर डावा खांदा दिसतो का बघितलं, दिसला नाही. बायकोला हाक मारली, म्हटलं, जरा बघ गं, मला मागचं दिसत नाही. तिने दिव्याखाली नीट बघितलं. म्हणाली, इथे काही रुतलेलं नाही.

मग सासऱ्यांनी थोपटलं कशाला, काही कळेना.